कळण्याचं माप, पाण्याचं माप
(वसंत व्याख्यानमालेत धुळे येथे दिलेले व्याख्यान)



वैशाखाच्या उकाड्यात रसायनशास्त्र ऐकायला आलात, तुमच्या सोशिकतेला दाद देतो आणि भाकरीपासूनच सुरुवात करतो. कळण्याची भाकरी, आपल्या अहिराणीत ‘कयना’. ज्वारी आणि उडीद एकत्र दळले की कळणा झाला. पण किती ज्वारीला किती उडीद? एका घरी चारास एक, शेजारी तिनास एक. यावरून सासू-सुनांचं वाजलं तरी भाकरी दोन्हीकडे कळण्याचीच. याला म्हणायचं मिश्रण. माप दळणाऱ्याच्या मर्जीचं. ज्वारीची चव जात नाही, उडदाची जात नाही.

आता पाणी घ्या. हायड्रोजन स्वतः जळतो, ऑक्सिजन दुसऱ्याला जळायला मदत करतो. आणि दोघं एक झाले की होतं आग विझवणारं पाणी! पण १ ग्रॅम हायड्रोजनला ऑक्सिजन लागतो ८ ग्रॅम. पांझरेत हेच माप, तापीत हेच, हिमालयातल्या बर्फातही हेच. हायड्रोजन जास्त घातलात तर तो तसाच उरतो. इथे अंदाजपंचे चालत नाही. हे संयुग.

शाळेत हे एका ओळीत उरकतं. शास्त्रज्ञांना मात्र त्यासाठी बरीच वर्षं भांडावं लागलं. जोसेफ प्रूस्त हा फ्रेंच रसायनज्ञ स्पेनमध्ये काम करायचा. १७९९ मध्ये त्यानं दाखवलं, की तांब्याचं कार्बोनेट खाणीतून काढा नाहीतर प्रयोगशाळेत बनवा, घटकांचं प्रमाण तेच. त्याचाच देशबांधव बर्थोले ऐकेना. तो मिश्रधातू, काच, द्रावणं पुढे करायचा: बघा, यांत कुठे प्रमाण ठरलेलं आहे? माणूस मोठा विद्वान, पण आपल्या भाषेत सांगायचं तर कळण्यालाच संयुग समजून बसला होता.

मिश्रण झालं, संयुग झालं, आता मूलद्रव्य. ते सांगायला जळगावच्या शेजारी बसून सोन्याशिवाय दुसरं काय घेणार? शुद्ध सोनं ठोका, १०६४ अंशांना वितळवा, त्यातून सोन्याखेरीज काही निघत नाही. मात्र ते फार मऊ. म्हणून दागिन्यात तांबं, चांदी मिसळतात. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८ कॅरेट म्हणजे ७५०. तेव्हा भगिनींनो, तुमची पाटली हे मूलद्रव्य नव्हे. कळण्यासारखं मिश्रणच आहे, फक्त महागाचं! मिश्रणात हात चालवता येतो, म्हणून सराफाला कसोटीचा दगड लागला आणि सरकारला १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा करावा लागला. मिठाला असा शिक्का लागत नाही. खडा समुद्राचा असो की खाणीचा, त्यातल्या सोडियम क्लोराइडात २३ भाग सोडियमला साडेपस्तीस भाग क्लोरीन असायचंच.

राहिलं आपलं बोअरचं पाणी. त्यात पाण्याबरोबर क्षार विरघळलेले असतात, म्हणजे तेही मिश्रणच. घरी गेल्यावर पाणी तापवायच्या पातेल्याचा तळ बघा. पांढरा थर धरला असेल तर त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले, तर तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा आणि बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे.