चाकांवरचं घर

मैत्रिणींनो, अमेरिकेत काही एकट्या, वयस्क बाया बारा महिने व्हॅनमध्येच राहतात, कामामागे फिरतात. जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ सालच्या 'नोमॅडलँड' पुस्तकात त्या मला भेटल्या. त्यात स्वातंत्र्याचा आनंदही आहे, ते मी नाकारत नाही. पण हिशोब बघा. तिथलं सरकारी पेन्शन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून ठरतं. तेवढी भरली नाहीत, तर उरलेली शून्य धरतात. मुलं वाढवण्यात, आजाऱ्यांच्या सेवेत नोकरीविना गेलेली वर्षं म्हणजे शून्य! लग्न १० वर्षं टिकलं नसेल, तर घटस्फोटानंतर नवऱ्याच्या खात्यावरही हक्क नाही. एवढ्याशा पेन्शनमध्ये घरभाडं बसत नाही. जन्मभर घर सांभाळलेल्या बाईला म्हातारपणी घरच परवडू नये? घरकामाची मोजदाद आपण मागतो, ती यासाठीच.