नाथांचा हरी

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



जीर्णोद्धारात पाया तोच राहतो, देव तोच राहतो. जे ढासळले तेवढे पुन्हा उभे करावयाचे असते. दगड-विटांचे हे काम पैशाने आणि अंगमेहनतीने पार पडते. परंतु घरातलाच एखादा माणूस मनाने ढासळला, आपल्या माणसांपासून दूर गेला, तर त्याला पुन्हा कसे उभे करावे? याचा धडा आपल्याच गोदामाईच्या काठी, शहागडच्या वरच्या अंगाला, पैठण क्षेत्री घालून दिलेला आहे. शांतिब्रह्म एकनाथ महाराजांना सर्वजण ओळखतात. त्यांचे चिरंजीव हरिपंडित यांची आठवण मात्र फार थोडे लोक काढतात. आजच्या मंगल प्रसंगी ती काढणे उचित होईल.

नाथांचे आई-वडील त्यांच्या लहानपणीच वारले. आजी-आजोबांनी त्यांना वाढविले. ज्याला आई-बापाचे सुख लाभले नाही, त्यालाच लेकराची किंमत अधिक कळते. नाथ आणि गिरिजाबाई यांना गोदावरी व गंगा या दोन मुली आणि हरी हा एक मुलगा. हरी बुद्धीने तल्लख. शास्त्रे शिकला, पंडित झाला. पण विद्येबरोबर अभिमानही आला. वडील देववाणी सोडून मराठीत पुराण सांगतात, कोणाच्याही घरी जेवतात, वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे अस्पृश्याचे पोर उचलून कडेवर घेतात, हे त्याला रुचेना. बापाची त्याला लाज वाटू लागली. अखेर घर सोडून तो काशीस जाऊन राहिला.

येथे लक्षात घ्यावे, हरी व्यसनी नव्हता, उधळ्या नव्हता. शिकलेला, आचाराने कडक असा मुलगा होता. माणूस दारू-जुगारानेच घराला मुकतो असे नाही. शहाणपणाच्या ताठ्यानेही मुकतो.

त्या काळी पैठणहून काशी म्हणजे महिनोन्महिन्यांची वाट. तरी नाथ मुलाला आणावयास गेले. नाथ वादात कमी पडणारे नव्हते. त्यांनी मराठीत लिहिलेले एकनाथी भागवत इ. स. १५७३ मध्ये याच काशीत पूर्ण झाले आणि विरोध करणाऱ्या पंडितांनीही पुढे ते मानले. ते हरीला चार श्लोकांत निरुत्तर करू शकले असते. परंतु नाथांना जिंकावयाचे नव्हते, मुलाला घरी न्यावयाचे होते. हरीने दोन अटी घातल्या. परान्न घ्यावयाचे नाही आणि मराठीत पुराण सांगावयाचे नाही. ज्या मराठीसाठी हयात वेचली, ती मुखातून बंद करण्याची ही अट! नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या आणि मुलाला घेऊन आले.

पैठणात आता हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले. हळूहळू श्रोते पांगले. बाया-बापड्यांना त्यातले काय कळणार? नाथ मात्र काही न बोलता ऐकत बसत. एका शब्दानेही त्यांनी मुलाला डिवचले नाही.

पुढे, परंपरा सांगते, एक गरीब म्हातारी आली. तिचा सहस्र ब्राह्मणभोजनाचा संकल्प होता, पण घरात दाणा नव्हता. नाथ जेवले म्हणजे हजार पाने जेवली, अशी तिची श्रद्धा. परान्नाची अट मोडू नये म्हणून नाथांनी हरीलाच तिच्या घरी स्वयंपाक करावयास सांगितले. जेवण झाल्यावर म्हणाले, "हरी, पत्रावळ तूच उचल." हरीने एक उचलली, तर खाली दुसरी. दुसरी उचलली, तर तिसरी. अशा हजार झाल्या. हरीचा अभिमान गळाला. त्याने वडिलांचे पाय धरले आणि अटींतून त्यांना मोकळे केले.

हजार पत्रावळींचा चमत्कार कोणी मानो वा न मानो. पण कोणाच्या घरचे पाणी न पिणारा पंडित एका गरीब म्हातारीच्या चुलीपुढे बसला आणि त्याने उष्टी पत्रावळ स्वतःच्या हाताने उचलली, हेही लहान नाही. बापाने त्याला बोलून शिकविले नाही, कामाला लावून शिकविले.

यानंतरचे हरिपंडितांचे आयुष्य पाहावे. त्यांनी वडिलांनाच गुरू मानले. इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. तीच आपली नाथषष्ठी. त्यानंतर नाथांच्या पादुका दरवर्षी आषाढी वारीला पंढरपुरी नेण्याची प्रथा हरिपंडितांनी सुरू केली. ज्या बापाची एके काळी लाज वाटली, त्याच्याच पादुका घेऊन मुलगा बाया-बापड्यांबरोबर चालू लागला. पैठणची पालखी आजही पंढरीला जाते.

सातबाऱ्यावर वारसाचे नाव जन्माने लागते. त्याला अर्ज आणि फेरफार पुरतो. बापाच्या शिकवणुकीचा वारस मात्र असा उशिरा, ठेचा खाऊन होतो. तेवढा काळ घरच्यांनी धीर धरावा लागतो.

आज गावोगावी अशी घरे आहेत. कोठे मुलगा शिकून शहरात गेला आणि बापाच्या धोतराला लाजतो. कोठे वाटणीवरून भाऊ भावाशी बोलत नाही. कोठे बाटलीने कर्ता माणूस उंबऱ्याबाहेर नेला. अशा माणसाला बोल लावणारे पुष्कळ भेटतात, आणावयास जाणारा एखादाच. त्याला आणावयास जावे. परत आल्यावर मागचा हिशेब काढू नये. चारचौघांत त्याच्या हाती एखादे चांगले काम द्यावे. पंगतीत वाढावयास उभे करावे, पालखीला खांदा द्यावयास बोलवावे.

देणगीदारांनी दिलेल्या पैशांतून शिखर उभे राहिले, ही मोठी गोष्ट झाली. या देवळाच्या पायरीवर रुसलेले दोन सख्खे भाऊ एकत्र बसले, घर सोडून गेलेला एक मुलगा बापाबरोबर आरतीला उभा राहिला, तर या जीर्णोद्धाराचे सार्थक होईल. तशी सुबुद्धी देव सर्वांस देवो.

॥ राम कृष्ण हरी ॥