मल्लेश्वरम : वेशीबाहेरचे गाव

गाव वसते म्हणजे नेमके काय होते? कोठे राजाज्ञेने वसते, कोठे बाजारपेठेमुळे, कोठे देवस्थानाच्या आश्रयाने. बंगळूरच्या मल्लेश्वरमची गोष्ट थोडी निराळी आहे. येथे देव आधी होता, गाव मागाहून आले. आणि ते आले मृत्यूच्या भयाने.

१५३७ साली केंपेगौडाने बंगळूरची पेठ वसविली, तिच्या वायव्येस हा सारा रानाचा प्रदेश होता. तेथील शिवालयाला आजही ‘काडु मल्लेश्वर’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांच्या काळातील १६६९ चा एक शिलालेख येथे आहे. मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला दिल्याची नोंद त्यात आहे. दान देणारा भोसले घराण्यातला. लेख मात्र कन्नडमध्ये. ज्या भूमीत दान द्यावयाचे, तिच्याच भाषेत ते कोरावे, हे शहाणपण त्या काळी होते. पुढे व्यंकोजी तंजावरास गेले, बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. सत्ता पालटली, दानाचा दगड राहिला.

यानंतर दोन शतके लोटली. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग १८९८ मध्ये बंगळूरला पोहोचला. जुन्या पेठेतल्या गल्ल्या अरुंद, घराला घर लागलेले, धान्याची कोठारे वस्तीतच. उंदरांना याहून सोयीची जागा कोणती? उंदरावरील पिसवा हा रोग पसरवितात, हे पॉल-लुई सिमोंद यांनी कराचीत दाखवून दिले, तेही याच १८९८ साली. परंतु ते सर्वमान्य होण्यास पुढे काही वर्षे जावी लागली. माणसांना तोवर एवढेच उमगले होते, की दाटीत मरण आहे आणि मोकळ्यावर जगण्याची आशा आहे.

म्हणून पेठेबाहेर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे क्रमांकांचे आडरस्ते, घरांमागे सफाईसाठी गल्ल्या, अंगणात झाडांना जागा. सोनचाफ्यावरून संपिगे रस्ता, कडुनिंबावरून मार्गोसा रस्ता. १९०९ मध्ये जवळच भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे घरही याच मल्लेश्वरमात होते. २०१४ मध्ये संपिगे रस्त्यापर्यंत मेट्रोही आली. वेशीबाहेरचे गाव शहराच्या पोटात गेले.

आता एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे. देवाला दिलेले ते मेदरनिंगनहळ्ळी कोठे गेले? विज्ञान संस्थेच्या परिसरात ते असावे, असे मानले जाते. ‘मेदार’ म्हणजे बुरूड. गावाच्या नावातच त्यांचा माग दिसतो. नव्या वसाहतीचे नाव सर्वतोमुखी झाले, त्या जुन्या खेड्याचे नाव मात्र दगडावर उरले. नव्या वस्तीचा आरंभ आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. त्या जमिनीवर आधी कोण होते, हे विचारावयाचे मात्र राहून जाते.

आणि जमीनही कधी कधी आठवण करून देते. काडु मल्लेश्वरासमोरच १९९७ मध्ये मातीखाली गाडले गेलेले नंदीतीर्थ उकरून काढण्यात आले. तेथे नंदीच्या मुखातून पाणी शिवलिंगावर पडते आणि खालच्या कुंडात उतरते. वर रहदारी वाढत होती, आणि खाली पाणी आपले काम करीत होते.

मराठी माणसाने मल्लेश्वरमला जावे, तेव्हा व्यंकोजींच्या नावाने त्याची छाती फुगणे स्वाभाविक आहे. पण त्या शिलालेखाचा अभिमान धरावयाचा तर तो घेतल्याचा नव्हे, दिल्याचा धरावा. प्लेगच्या भयातून निघालेल्या माणसांनी आपल्या लेकरांसाठी रुंद रस्ते आणि सावली मागे ठेवली, तेही एक दानच होते. त्यांच्या पिढीने झाडे लावली. आपल्या पिढीकडे ती राखण्याचे काम आले आहे. झाड, पाणी आणि नाव, ही तीन जेथे सांभाळली जातात, ते शहरात बुडाले तरी गावच राहते.