गाडी घाटातच का तापते?

आज आपण गटाच्या गाडीचं बोनेट उघडणार आहोत. हे बायकांचं काम का, असं कुणी म्हणेल. पण गाडीचं कर्ज गटाच्या नावावर आहे आणि हप्ता आपल्या बचतीतून जातो. मग त्या बोनेटखाली काय चाललंय, हे आपल्याला कळायलाच हवं.

आमच्या ग्रामसंघाकडे जुना डिझेल पिकअप आहे. कोकम, आगळ, फणसपोळी, कुळथाचं पीठ, आणि एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या घेऊन तो करूळ घाट चढतो आणि गगनबावड्यावरून कोल्हापूरला जातो. ऐन हंगामात तो तापायला लागला. एका गॅरेजमध्ये सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. आकडा ऐकून सभेत सगळ्या गप्प झाल्या. गाडी उभी ठेवली तर दुसऱ्या टेम्पोचं भाडंही द्यायचं आणि आपला हप्ताही भरायचा. आम्ही ठरवलं, पैसे काढण्याआधी आणखी एका मेकॅनिकला दाखवू. त्याने बोनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, "गाडी तापते कधी?"

या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. आमची गाडी हमरस्त्यावर पळत असताना काटा मध्यावरच असायचा. घाटात किंवा बाजारपेठेतल्या गर्दीत तो वर चढायचा. गाडी वेगात असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. घाटात गाडी हळू, वारा कमी आणि इंजिनावर ताण जास्त. तिथे सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून फक्त हळू चालताना गाडी तापत असेल, तर आधी पंख्याचा संशय घ्यावा. वेगातही तापत असेल, तर कूलंट, रेडिएटर किंवा थर्मोस्टॅट बघायचा.

बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत पंखा इंजिनाच्याच जोरावर फिरतो, पण मध्ये एक डबी असते. तिला फॅन क्लच म्हणतात. डबीत मधासारखं दाट सिलिकॉन ऑइल असतं आणि तोंडाशी धातूची एक पट्टी किंवा गुंडाळी. रेडिएटरमधून गरम हवा आली की पट्टी वाकते, आतली झडप उघडते, ऑइल पुढे येतं आणि पंख्याला घट्ट धरतं. हवा थंड झाली की पकड सैल होते. त्यामुळे गरज नसताना पंखा इंजिनाची ताकद आणि डिझेल खात नाही. हे ऑइल गळालं किंवा पट्टी निकामी झाली, तर गरम होऊनही पंखा नुसता रेंगाळतो. उलटंही होतं. क्लच जाम झाला तर पंखा सतत घोंघावतो आणि डिझेल जास्त जातं.

तपासायचं कसं? इंजिन बंद, किल्ली खिशात. पंख्याला हाताने झटका द्या. गार इंजिनावर तो थोडा अडखळत फिरून थांबला पाहिजे. भिंगरीसारखा फिरतच राहिला, तर पकड गेली. घाट चढून आल्यावर, इंजिन बंद करून, पुन्हा बघा. आता तो आणखी जड लागायला हवा. मग पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. पंखा खूप डुलत असेल तर बेअरिंग गेलं. असा पंखा रेडिएटरला फाडू शकतो, म्हणून गाडी चालवू नका. शेवटी डबीभोवती तेलकट, धूळ चिकटलेले ओघळ आहेत का ते पाहा.

इंजिन चालू असताना मात्र जवळ जायचं नाही. काहीजण कागदाची गुंडाळी घालून पंखा थांबतो का ते बघतात. ते करू नका. पदर, ओढणी, वेणी, बांगड्या, सगळं त्या पात्यांत ओढलं जातं. काही गाड्यांत विजेवरचा वेगळा पंखाही असतो आणि तो अचानक सुरू होतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं.

आता पैशांचं. आधी फुकटातली आणि स्वस्तातली कामं. रेडिएटरच्या जाळीत धूळ, पेंढा, किडे अडकले असतील तर इंजिन गार झाल्यावर हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पाती वाकतात. कूलंटची पातळी बघा. बोअरचं क्षाराचं पाणी घालू नका, आत थर बसतो. पट्टा सैल आहे का, झाकणाचं रबर फाटलंय का, हेही बघून घ्या. एवढं करूनही काटा चढत असेल, तरच क्लचवर खर्च करा.

क्लचसाठी चार वाटा आहेत. पहिली, ऑइल भरणं. बेअरिंग चांगलं असेल आणि डबी उघडता येण्याजोगी असेल, तर जाणता मेकॅनिक सिलिकॉन ऑइल भरून देतो. तिथे इंजिन ऑइल चालत नाही. गळती कुठून झाली तेही बघावं लागतं. दुसरी, जुन्या बाजारातला क्लच. स्वस्त पडतो, पण वर सांगितलेल्या तपासण्या करूनच घ्या. आडवा पडून राहिलेल्या क्लचमधून ऑइल गळू शकतं, म्हणून घरी आणला तरी उभाच ठेवा. तिसरी, नवा क्लच. पावती आणि हमी लिहून घ्या. चौथी, विजेचा पंखा बसवणं. त्यात वायरिंग, रिले, तापमानाचा स्विच आणि पुरेसा अल्टरनेटर लागतो, त्यामुळे दिसतं तितकं स्वस्त नाही. क्लच वेल्डिंगने कायमचा जाम करून देतो असं कुणी म्हटलं, तर नको म्हणा. वॉटर पंपावर ताण येतो, पाती तडकू शकतात.

आमच्या गाडीचं बेअरिंग शाबूत होतं, ऑइल तेवढं गळालं होतं. आम्ही जाळी धुतली, ऑइल भरून घेतलं आणि त्यावर आंब्याचा हंगाम काढला. जूनमध्ये नवा क्लच बसवला. इंजिन खोलायची वेळ आली नाही.

वाटेत काटा चढला तर एसी बंद करा, काचा उघडा, हीटर पूर्ण सोडा. उकडेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर निघते. भार कमी ठेवा, पहाटे घाट चढा. काटा लाल खुणेला टेकला की बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पेट्या तासभर उशिरा पोचल्या तरी चालेल. तशीच दामटली तर हेड गॅसकेट जातं आणि मग खरंच इंजिन खोलावं लागतं.

शेवटचं आपल्या पंचसूत्रीतलं, हिशेब लिहिण्याचं. गाडीची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काटा कुठे चढला, काय बदललं, किती लागले. मेकॅनिकसमोर ही वही उघडली की बोलणं नेमकं होतं. आणि दर फेरीमागे थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढा. समजा फेरीला 50 रुपये आणि महिन्याला 20 फेऱ्या, तर महिन्याचे 1,000 आणि वर्षाचे 12,000 झाले. गाडी अडली की कर्ज काढायला धावावं लागत नाही. मोठा खर्च सांगितला गेला तर दोन ठिकाणी विचारा, अंदाज लिहून मागा आणि बदललेला जुना भाग परत घ्या.

येत्या सभेत हा विषय घ्या. ज्या वहिनींचे यजमान किंवा मुलगे गाडी चालवतात, त्यांनाही बसवा. पण पंख्याला झटका देऊन बघायचं काम तुम्ही स्वतः करा.