ढकलपत्रांचे शिष्टाचार



१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडचे पाच जण तिथे आले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्याआधीच मोबाइलवर सगळीकडे पसरले होते. लोकांना संशय आला, जमाव जमला आणि त्या पाचही जणांना बेदम मारहाण करून ठार करण्यात आलं.

असा मेसेज पाठवणाऱ्या बहुतेकांच्या मनात वाईट काही नसतं. आपल्या माणसांच्या काळजीपोटीच तो घरोघरी पोचतो. बहीण भावाला पाठवते, भाऊ मित्रांना. आपल्याच माणसानं पाठवलाय म्हटल्यावर खरा की खोटा, हे कोण विचारणार?

ऑनलाइन शिष्टाचार म्हटलं की रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या चित्रांवर बोललं जातं. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा टँकर किती वाजता येणार हा निरोप त्या फुलांखाली गाडला जातो, हे खरंच. पण खात्री न करता बातमी पुढे ढकलणं ही त्याहून कितीतरी मोठी असभ्यता आहे. तिची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.

ही जाण आजची नाही. व्हॉट्सॲप यायला चौदा वर्षं होती, तेव्हा, ऑक्टोबर १९९५मध्ये, इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेटवर कसं वागावं याची नियमावली तयार केली. 'आरएफसी १८५५' हे तिचं नाव. साखळीपत्रं पाठवू नयेत, असं त्यात स्पष्ट बजावलं आहे. दोघांचा वाद सगळ्यांसमोर वाढवत न बसता परस्पर बोलावं, असंही सांगितलं आहे.

२०१८च्या जुलैतच व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२०पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. तो निदान पाच हातांतून फिरून आला आहे, म्हणजे पाठवणाऱ्या आत्याला किंवा काकांनाही तो कुणी लिहिला हे बहुधा ठाऊक नसतं.

मग काकांना सांगायचं कसं? खरी कसोटी इथेच लागते. नात्यातल्या चाळीस जणांसमोर पुतण्यानं 'काका, हे खोटं आहे' असं लिहिलं की काका दुखावतात, हट्टाला पेटतात आणि मूळ मेसेज बाजूलाच राहतो. त्यापेक्षा फोन करावा. 'काका, ती बातमी जुनी आहे, तुम्हीच ग्रुपवर सांगता का?' एवढं विचारावं. वडीलधाऱ्या माणसानं स्वतः 'मघाचा मेसेज चुकीचा होता' असं लिहिलं की घरातले बाकीचेही ते मानतात. मेसेज नुसता पुसून टाकणं पुरत नाही, कारण तोवर तो दुसऱ्या ग्रुपवर गेलेला असतो.

श्रोतेहो, आज तुमच्या फोनवर दोन बाणांचा असा एखादा मेसेज आला, तर तो तुमच्यापाशीच थांबवा. आणि ज्यांनी पाठवला, त्यांना आजच फोन करा.