सेमिनार हॉलमधली मागची रांग

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय वाचून काहीजणींनी मला सकाळीच गाठलं. "मारझोड, पोटगी, रेशन यांतून आपल्याला मान वर करायला सवड नाही, आणि तू संगणकशास्त्र विभागातल्या व्याख्यानांवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी समाजकार्य शिकलेली बाई. संगणकावर पत्र लिहिता येतं, हिशोब मांडता येतो, याच्या पलीकडे त्या शास्त्रातलं मला फारसं कळत नाही. पण २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रत्येक अंतर्गत समितीवर एक बाहेरची सदस्य घ्यावी लागते आणि आपल्यापैकी अनेकजणी त्या खुर्चीवर बसतात. मीही एका विद्यापीठाच्या समितीवर आहे. तिथल्या संगणकशास्त्र विभागात गेली काही वर्षं माझं जाणं-येणं आहे. विद्यापीठाचं नाव घेणार नाही. समितीपुढे आलेल्या तक्रारींबद्दल एक शब्दही बोलणार नाही, ते कायद्याचंही बंधन आहे आणि मनाचंही. मला बोलायचं आहे ते जे तक्रारीपर्यंत कधी पोचतच नाही त्याबद्दल.

विभागात दर आठवड्याला, बहुधा दुपारी साडेचारला, एक संशोधनपर व्याख्यान असतं. दुसऱ्या विद्यापीठातले प्राध्यापक येतात, एखाद्या कंपनीच्या संशोधन शाखेतलं कुणी येतं, परदेशात पीएच.डी. करणारा आणि सुट्टीत घरी आलेला माजी विद्यार्थी येतो. नोटीस बोर्डावर कागद लागतो. त्यावर विषय, गोषवारा, वक्त्याची ओळख. तासभर भाषण, मग प्रश्न. कुणालाही मज्जाव नाही. मी समितीच्या कामाला जायची तेव्हा वेळ मिळाला की मागच्या रांगेत जाऊन बसू लागले. मागच्या रांगेत कारण तिथे मुली बसायच्या.

विषय मला कळायचा नाही, पण माणसं कळायची. व्याख्यान संपलं की बाहेर व्हरांड्यात चहा-बिस्किटं असतात. खरा कारभार तिथे चालतो. वक्ता कप हातात घेऊन सहज म्हणतो, "उन्हाळ्यात आमच्याकडे दोन मुलं हवी आहेत." तो 'मुलं' म्हणतो आणि त्याच्यासमोर मुलगेच उभे असतात. त्यांच्यातले दोघं रात्रीच त्याला ई-मेल पाठवतात. आठवड्याभरात जागा भरलेल्या असतात. त्या जागा कुठल्याही नोटिशीत आलेल्या नसतात, त्यामुळे कुणाला नाकारलं असंही म्हणता येत नाही.

आता त्या वेळी मुली कुठे असतात? साडेचारला सुरू झालेलं व्याख्यान प्रश्नोत्तरांसह सहाला संपतं. चहा साडेसहापर्यंत. मुलींच्या वसतिगृहाचं गेट सात वाजता बंद, हजेरीच्या वहीत सही, उशीर झाला तर रेक्टरबाईंचा घरी फोन. गावाहून एस.टी.ने ये-जा करणाऱ्यांची शेवटची सोयीची गाडी त्याच्याही आधीची. मुलग्यांच्या वसतिगृहाला गेट आहे, पण ते बंद होताना मी कधी पाहिलं नाही.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. आई अंगणवाडी सेविका, बारावीपर्यंतचं शिक्षण तालुक्याच्या गावी. एका व्याख्यानाचा विषय नेमका तिच्या प्रकल्पाचाच होता. तिने वही भरून टिपणं काढली होती. प्रश्नोत्तरं चालू असतानाच ती दप्तर उचलून निघाली, कारण घड्याळ. त्या वक्त्याकडे उन्हाळी कामाच्या जागा होत्या हे तिला दोन महिन्यांनी कळलं, तेही वर्गातला मुलगा बंगलोरला जायची तयारी करायला लागला तेव्हा. ती मला म्हणाली, "ताई, मला कुणी नाही म्हटलंच नाही. मग मी तक्रार कशाची लिहू?"

या प्रश्नाला माझ्याकडे कलम नव्हतं. आणि ही गोष्ट त्या एका उन्हाळ्याची नाही. त्या कामातून एखादा पेपर निघतो, पेपरवर नाव लागतं, वक्त्याचं शिफारसपत्र मिळतं, त्या पत्रावर पुढचा पीएच.डी.चा प्रवेश ठरतो. साखळीची पहिली कडी चहाच्या कपाशी आहे.

मुली विचारतच नाहीत, असं प्राध्यापक मंडळी म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा देशांतल्या विद्यापीठांमधली जवळपास अडीचशे विभागीय व्याख्यानं बघून केलेला. तो संगणकशास्त्रापुरता नव्हता. त्यात दिसलं, की कुठलाही प्रश्न स्त्रीपेक्षा पुरुषाने विचारलेला असण्याची शक्यता अडीच पटींहून अधिक होती. पण त्यातली दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, की नंतर स्त्रियांचे प्रश्न आणखी कमी होत. प्रश्नांना वेळ भरपूर असला, की दरी कमी होई. म्हणजे हा केवळ मुलींच्या बुजरेपणाचा मामला नाही, सभा कशी चालवली जाते याचाही आहे. आपण गटांच्या बैठका चालवतो, आपल्याला हे कुणी शिकवायला नको. आपल्याकडे इंग्रजीची भर पडते. मराठी माध्यमातून आलेली मुलगी प्रश्न मनात जुळवते, त्याचं इंग्रजी करते, काळ बरोबर आहे ना बघते, तोवर अध्यक्ष आभार मानायला उभे असतात.

या शास्त्राची आणखी एक तऱ्हा आहे, ती समजून घ्यायला मला वर्ष लागलं. इतर शाखांत संशोधन नियतकालिकात छापलं की झालं. संगणकशास्त्रात परिषदेत पेपर स्वीकारला जाणं हीच मोठी गोष्ट. म्हणजे परगावी, परदेशी जाऊन उभं राहून बोलायचं. त्याला पैसे लागतात, पासपोर्ट लागतो, आणि मुलगी असेल तर बापाची, नवऱ्याची, सासूची परवानगी लागते. पेपर पाठवायच्या मुदतीही जगावेगळ्या. पृथ्वीवर जिथे दिवस सर्वांत शेवटी संपतो तिथली मध्यरात्र धरतात. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे साडेपाच वाजतात. साहजिकच आदल्या रात्री प्रयोगशाळा जागी असते. तिथे प्रयोग संपवले जातात, आकडे तपासले जातात, सर एखादी दुरुस्ती सांगतात, हसणं-खिदळणं होतं, मॅगी शिजते. त्या रात्री जो हजर असतो त्याचं नाव पेपरवर वर सरकतं. सातला गेटच्या आत गेलेल्या मुलीने दिवसा कितीही राबलं तरी ती 'मदत केली' या सदरात जाते.

इथे मात्र आपल्या हातात काही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत स्वच्छ लिहिलं आहे, की मुलींच्या सुरक्षेचं कारण सांगून त्यांच्या वसतिगृहांना मुलग्यांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. त्याच विनियमांत 'परिसर' या शब्दाची व्याख्या कुंपणापाशी थांबत नाही. इंटर्नशिपची जागा, अभ्याससहल, संस्थेने केलेली प्रवासाची सोय, सगळं तिच्यात येतं. म्हणजे बाहेरगावी इंटर्नशिपला गेलेल्या मुलीला तिथे त्रास झाला, तर "ते आमच्या हद्दीत नाही" असं विद्यापीठाला म्हणता येत नाही. ज्या मैत्रिणी समित्यांवर आहेत त्यांनी ही दोन कलमं पाठ करून ठेवावीत. बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली, की टेबलाभोवती एकदम शांतता होते.

पीएच.डी. करणाऱ्यांचं दुखणं निराळं. तिथे सगळं एका गाईडच्या सहीवर अडकलेलं. प्रगती अहवाल, फेलोशिपचा दर महिन्याचा कागद, परिषदेला जायची परवानगी, शेवटचं पत्र. सासर आणि गाईड यांची तुलना त्या मुलीच हसत हसत करतात. मूल झालं की अर्ध्याजणी गप्प गळून जातात. २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षं, पुन्हा नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन, अशी दहा वर्षांपर्यंत सवलत आहे. बाळंतपण-बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांची रजा आहे. मात्र वाक्यात 'देता येईल' आहे, 'द्यावी' नाही. त्या एका क्रियापदावर कितीजणींचं संशोधन लटकलं असेल! पैशाचं म्हणाल, तर नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत. घरकामामुळे, मुलांमुळे खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या योजना आहेत. ही माहिती वस्तीतल्या मुलीला कोण देतं? विभागात मावशी नोटीस बोर्ड पुसतात, त्या म्हणतात, "कागद लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरा लागतो."

आता सकाळच्या प्रश्नाकडे येते. आपल्याला याचं काय? अंगठ्याचे ठसे जुळत नाहीत म्हणून रेशन दुकानावरून परत पाठवलेल्या बाया आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. भांडी घासून, वीट उचलून रेषा झिजतात हे ज्याने ते यंत्र आखलं त्याला सुचलं नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी चेहरा बघून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीची चूक ३४ टक्क्यांच्या पुढे होती. यंत्रं आधीपासून विकली जात होती, पण अशी जोडून मोजणी या दोघींनी केली. बुओलाम्विनी तेव्हा एम.आय.टी.त विद्यार्थिनी होती. कुणीतरी तिला प्रयोगशाळेत जागा दिली होती, म्हणून तो प्रश्न विचारला गेला. आपल्या अंगणवाडी सेविकेच्या मुलीला जागा मिळाली, तर ती कुठला प्रश्न विचारेल, ते तिथे आता बसलेल्या कुणालाही सांगता येणार नाही.

प्रवेश वाढवून थोडं होतं, ते करायलाच हवं. आय.आय.टी.मध्ये २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा ठेवल्या आणि आठ टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण २०२० पर्यंत वीस टक्क्यांवर गेलं. आपल्या विद्यापीठांच्या एम.एस्सी.च्या वर्गात तर मुली भरपूर दिसतात. गळती पुढे आहे. अमेरिकेतल्या हार्वे मड कॉलेजचा अनुभव म्हणून सांगते. मारिया क्लावे २००६ मध्ये तिथे अध्यक्ष झाल्या. संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली तेव्हा दहा-बारा टक्के, पाच-सहा वर्षांत त्या चाळीसच्या आसपास गेल्या. त्यांनी पहिला अभ्यासक्रम बदलला. आधी शिकून आलेले आणि नवखे यांचे वर्ग वेगळे केले. वर्गात सतत बोलून इतरांना दडपणाऱ्या मुलाला प्राध्यापक बाजूला घेऊन सांगत, की तुझ्याशी हे मी वर्गाबाहेर बोलेन. पहिल्या वर्षाच्या मुलींना स्त्री-संगणकतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेला नेलं. आणि पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात त्यांना संशोधनाचं काम दिलं, हुशारी सिद्ध होण्याची वाट न बघता. श्रीमंत देशातलं लहान कॉलेज ते, आपल्याकडे जसंच्या तसं बसणार नाही. पण यातल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाही.

आमच्या विभागात आम्ही काय केलं तेवढं सांगून थांबते. समितीच्या वार्षिक अहवालाला मी मुलींशी बोलून काढलेलं एक टिपण जोडलं. मागण्या चार होत्या. व्याख्यान दोनला सुरू व्हावं. पहिला प्रश्न विद्यार्थ्यांपैकी कुणाचा तरी, शक्यतो मुलीचा, आणि प्रश्न मराठीत विचारला तरी चालेल. वक्त्याकडे काम असेल तर त्याने ते चहाच्या वेळी न सांगता विभागाच्या कार्यालयात लिहून द्यावं, ते आठ दिवस बोर्डावर आणि दोन्ही वसतिगृहांत लागावं, मगच नावं जावीत. आणि गेटची वेळ दोन्ही वसतिगृहांना एकच.

विभागप्रमुख भले गृहस्थ आहेत. आधी म्हणाले, "मॅडम, गुणवत्तेत असं कसं बसवायचं?" मी म्हटलं, सर, चहाला थांबणं ही कुठली गुणवत्ता? त्यावर ते हसले आणि वेळ अडीचची केली. कामं लिहून घ्यायची वहीही सुरू झाली, तिच्यात मागच्या सत्रात नोंदी पडल्या आहेत, आणि अर्ज करणाऱ्यांत वसतिगृहातल्या मुली आहेत. मराठीतल्या प्रश्नांवर एक-दोन प्राध्यापकांनी नाकं मुरडली, तो विषय लोंबकळत आहे. गेटचा ठराव विद्यापीठाच्या कार्यालयात पडून आहे. त्याला जोडलेल्या कलमांच्या प्रती मी आणल्या आहेत. ज्यांना आपल्या गावच्या कॉलेजसाठी हव्या असतील त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडून घ्याव्यात. आता प्रश्न विचारा, आणि पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.