ऊन पाण्याचा हिशेब



या व्यासपीठावर वक्त्याने संतवाङ्मयावर किंवा राष्ट्राच्या अर्थकारणावर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज तुम्हांला मोरीत नेणार आहे. रोज सकाळी लागणारे ऊन पाणी कमी खर्चात कसे मिळवावे, एवढाच माझा विषय आहे. विषय घरगुती खरा. पण त्याची वेळ आली आहे. गिरगावापासून लालबागेपर्यंत चाळी उतरत आहेत आणि उंच इमारती उठत आहेत. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ती ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. अशा घरात गीझर लावावा की हल्ली ज्याचा बोलबाला आहे तो उष्णता-पंप, म्हणजे बाजारातला ‘हीट पंप’? नळ एकदा भिंतीत गेले की मत बदलणे महाग पडते.

माझ्या लहानपणी गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडात तांब्याचा बंब होता. आई पहाटे उठून ढलप्या पेटवी, धुराने डोळे चोळी, आणि आम्ही घंगाळात विसण घालून अंघोळी उरकीत असू. बंबातली बरीचशी उष्णता धुराबरोबर निघून जाई. पुढे विजेचा गीझर आला. धूर गेला, त्याच्या जागी बिल आले.

गीझरात विजेच्या एका युनिटातून एका युनिटाइतकीच उष्णता मिळते. त्याहून अधिक मिळणे शक्य नाही. उष्णता-पंपाची रीत निराळी. तो उष्णता निर्माण करीत नाही, आजूबाजूच्या हवेतून उचलून पाण्यात नेऊन सोडतो. फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात धरलात तर ऊन लागते. आतल्या भाजीची उष्णता तेथे बाहेर टाकलेली असते. तेच यंत्र उलट्या हेतूने वापरायचे. थंड नळीतला द्रव हवेच्या उष्णतेने उकळून वायू होतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवितो आणि तो आपली उष्णता टाकीतल्या पाण्याला देऊन पुन्हा द्रव होतो. वीज लागते ती मुख्यतः ही वाहतूक करण्यापुरती. असे यंत्र इमारती तापविण्यास वापरता येईल, हे लॉर्ड केल्व्हिन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने १८५२ सालीच दाखवून दिले होते.

आणि मुंबईची हवा तर या यंत्राला मानवणारी. युरोपात हिवाळ्यात त्याच्या नळ्यांवर हिम साचते. येथे जानेवारीच्या पहाटेही कुलाब्याचा पारा सहसा १५ अंशांखाली उतरत नाही. एका युनिट विजेवर तीन युनिटांची उष्णता मिळते असे धरण्यास येथे हरकत नाही.

मग प्रत्येकाने उष्णता-पंपच घ्यावा काय? थांबा, आधी बादल्या मोजा.

वीस लिटरांची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे ०.३५ युनिट लागते. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे १.४ युनिट. आपल्याकडे उन्हाळ्यात पुष्कळ जण गार पाण्यानेच स्नान करतात, म्हणून वर्षाचे २५० दिवस धरू. झाली ३५० युनिटे. पंपाने त्यांतली दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे २३३ वाचतील. युनिटाला दहा रुपये धरले तर वर्षाला २,३३० रुपये. आता समजा, पंपाला गीझरपेक्षा ५०,००० रुपये अधिक पडले. ते फिटायला एकवीस वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर यंत्र टिकेल याची हमी कोण देणार?

पण शेजारच्या तीन बिऱ्हाडांनी मिळून एकच पंप घेतला तर? बादल्या बारा, बचत वर्षाला ७०० युनिटे, म्हणजे ७,००० रुपये. तीन गीझरांची वाचलेली किंमत मोठ्या टाकीत गेली असे धरले, तर तेच ५०,००० रुपये सुमारे सात वर्षांत फिटतात. परळच्या रुग्णालयांत येणाऱ्यांसाठी ज्या धर्मशाळा चालतात, तेथे रोज शंभर बादल्या लागत असतील तर पंप किती लवकर फिटेल, हे सांगायला नको. तात्पर्य, यंत्र स्वस्त की महाग हे दुकानातल्या चिठ्ठीवर ठरत नाही. ते आपल्या बादल्यांवर ठरते. लहान कुटुंबाने चांगल्या आवरणाचा, अधिक तारांकित लहान गीझर घ्यावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. गॅसचा गीझर मात्र बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

ज्यांचा हिशेब पंपाच्या बाजूने पडेल, त्यांनी विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. हवा किती अंशांवर आणि पाणी किती अंशांवर असताना ही बचत मोजली? टाकी किती लिटरांची? पंचावन्न अंशांच्या पाण्यात तितकेच विसण पडते, म्हणून बारा बादल्यांना १२० लिटर कढत पाणी पुरते. मोठ्या टाकीचा भुर्दंड नको. समुद्राच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या पट्ट्या आणि आतली टाकी गंजू नये म्हणून काय केले आहे? आणि बिघडल्यास कारागीर शहरातच मिळेल ना? यंत्र मोकळ्या गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवावे. कोंडलेल्या मोरीत त्याला उचलायला उष्णताच उरत नाही. त्यातून ठिबकणाऱ्या पाण्याला वाट द्यावी, आणि ते दुपारी चालवावे. तेव्हा हवा ऊन असते व शेजाऱ्याची झोपही मोडत नाही.

राहिला प्रश्न एकत्र येण्याचा. टाकी लांब असली तर नळातच पाणी निवते, आणि वीज कोणाच्या मीटरवर घ्यायची यावरून वाद होतात. म्हणून नळांना आवरण घालणे आणि वाटणीचा मीटर बसविणे, या दोन गोष्टी इमारतीचा नकाशा कागदावर असतानाच सोसायटीच्या सभेत मागून घ्या. एका नळावर मजला चालविणारी आपण चाळकरी माणसे. एका टाकीवर तीन बिऱ्हाडे चालविणे आपल्याला अशक्य नाही. उद्या सकाळी अंघोळीला जाताना एवढेच करा, घरातल्या बादल्या मोजा.